विश्रांती कोणाची, भार कोणावर?



देश खेळत असताना, अंगात बळ असूनही, देशाचा सर्वोत्तम गोलंदाज मैदानाबाहेर बसतो, हे योग्य आहे काय? २०२५ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न भारतातील घरोघरी विचारला गेला. इंग्लंडमधील पाच कसोटी सामन्यांच्या मालिकेसाठी संघ निवडताना अजित आगरकर यांच्या निवड समितीने आधीच सूचित केले होते की, जसप्रीत बुमराह पाचही सामने खेळणार नाही. त्याप्रमाणे तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टर येथे खेळला. बर्मिंगहॅम आणि ओव्हल येथे खेळला नाही. योगायोग असा की, भारताने जे दोन सामने जिंकले, ते नेमके हेच दोन. बर्मिंगहॅमला ३३६ धावांनी विजय मिळाला, तर ओव्हलला अवघ्या सहा धावांनी. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली.

या योगायोगावरून, बुमराहची संघाला गरजच नव्हती, असा निष्कर्ष काढणारे उतावळे आहेत. तीन सामन्यांत चौदा बळी घेणाऱ्या गोलंदाजाविषयी असे बोलणे न्यायाचे नाही. निकालावरून नीती ठरविण्याची सवय आपल्याला फार आहे. जिंकलो तर निर्णय शहाणपणाचा आणि हरलो तर तोच निर्णय देशद्रोहाचा! म्हणून निकाल क्षणभर बाजूला ठेवून आपण मूळ प्रश्नाकडे वळू या. विश्रांती हा दुबळेपणा आहे, की हक्क आहे, की कर्तव्य आहे?

विश्रांतीच्या विरोधात जे बोलतात, त्यांचे म्हणणे हलके लेखू नये. ओव्हलच्या विजयानंतर सुनील गावसकर यांनी, ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाकावा, अशा आशयाचे मत मांडले आणि सीमेवर थंडीवाऱ्यात उभ्या असलेल्या जवानांचा दाखला दिला. असे बोलण्याचा अधिकार त्यांना आहे. १९७५ ते १९८७ या काळात ते सलग १०६ कसोटी सामने खेळले. कपिल देव यांची गोष्ट तर अधिकच थक्क करणारी आहे. वेगवान गोलंदाज असूनही १३१ कसोटींच्या कारकिर्दीत त्यांचा एकच सामना हुकला. तोही दुखापतीमुळे नव्हे, तर १९८४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कोटला मैदानावर बेजबाबदार फटका मारून बाद झाल्याबद्दल पुढच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळण्यात आले म्हणून. ज्यांनी असे आयुष्य मैदानाला वाहिले, त्यांना आजच्या खेळाडूची मोजूनमापून टाकलेली षटके पाहून वाईट वाटत असेल, तर ते समजण्यासारखे आहे. शिवाय पदरचे पैसे खर्चून तिकीट काढणारा प्रेक्षक आहेच. त्याने आवडत्या गोलंदाजासाठी रजा काढली, आणि तो गोलंदाज अंगावर कोट चढवून बाकावर बसलेला! त्याची निराशा खोटी नाही.

परंतु जवानाचा दाखला नीट पाहिला, तर तो उलट बाजूने साक्ष देतो. सैन्यात पहारा असतो, तशी पहाऱ्याची पाळीही असते. एकाची वेळ संपली की दुसरा येऊन त्याला मोकळा करतो. सियाचीनच्या हिमनदीवरील चौक्यांतून जवानांना ठरावीक काळाने खाली आणले जाते आणि त्यांच्या जागी दुसरी तुकडी चढते. त्यात कोणी त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेत नाही. सेनापतीला ठाऊक असते की, थकलेला पहारेकरी झोपलेल्या पहारेकऱ्याइतकाच धोक्याचा असतो. सीमेचे रक्षण शूर माणसे करतात हे खरे. पण त्यांचे शौर्य टिकून राहते ते पाळीच्या व्यवस्थेमुळे.

काळही बदलला आहे. आपल्या समाजाचे भूषण असलेले, सांगलीला जन्मलेले विजय सॅम्युएल हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५२ साली मद्रासला आपली पहिली कसोटी जिंकली. तो भारताचा पंचविसावा कसोटी सामना होता. म्हणजे १९३२ पासून वीस वर्षांत पंचवीस सामने! आज तेवढे सामने दोन-अडीच वर्षांत होऊ शकतात. त्याशिवाय एकदिवसीय आणि वीस षटकांचे सामने वेगळेच. २००८ पासून त्यांत आयपीएलची भर पडली असून, २०२५ च्या हंगामात त्या एकाच स्पर्धेचे ७४ सामने आखलेले होते. माणसाची पाठ मात्र हजारे यांच्या काळी होती तीच आहे. बुमराहच्या पाठीच्या दुखण्याने त्याला २०२२ ची टी-ट्वेन्टी विश्वचषक स्पर्धा मुकावी लागली आणि २०२३ साली त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दीडशेहून अधिक षटके टाकून त्याने ३२ बळी घेतले; पण शेवटच्या सिडनी कसोटीत तो कर्णधार असतानाच पाठ आखडली आणि दुसऱ्या डावात त्याला एक चेंडूही टाकता आला नाही. फलंदाजाच्या सातत्याची फूटपट्टी वेगवान गोलंदाजाच्या हाडांना लावणे बरोबर नाही. आणि कपिल देव यांच्यासारखे शरीर हे देणे आहे, तो सर्वांसाठीचा नियम होऊ शकत नाही.

आपले चंदू बोर्डेच पाहा. १९५९ च्या फेब्रुवारीत याच दिल्लीच्या कोटला मैदानावर वेस्ट इंडिजच्या भेदक माऱ्यापुढे पुण्याच्या या तरुणाने १०९ आणि ९६ धावा केल्या आणि भारताने तो सामना अनिर्णित राखला. ते उत्तम लेगस्पिन गोलंदाजही होते; कसोटीत त्यांनी ५२ बळी घेतले. परंतु खांद्याच्या दुखापतीमुळे १९६४ च्या सुमारास त्यांची गोलंदाजी जवळजवळ थांबली आणि उरलेली कारकीर्द त्यांनी फलंदाज म्हणून काढली. शरीराचे एखादे दान असे कायमचे हिरावले जाऊ शकते. जे परत मिळत नाही ते जपण्यात भित्रेपणा नाही; त्यात विश्वस्तपणा आहे.

येथवर आपले बहुतेकांचे एकमत होईल. पवित्र शास्त्राच्या वाचकांना तर विश्रांतीची महती सांगण्याचे कारण नाही. सहा दिवस काम आणि सातवा दिवस शब्बाथ, ही आज्ञा आपण बालपणापासून पाठ केली आहे. परंतु त्या आज्ञेचा एक भाग आपल्या नजरेतून निसटतो. ती आज्ञा केवळ घरधन्याला विसावा घ्यायला सांगून थांबत नाही. त्याचा मुलगा, मुलगी, दास, दासी, त्याच्या वेशीच्या आतला परदेशी, इतकेच काय, त्याचा बैल आणि गाढव यांनाही तोच दिवस मिळावा, असे ती सांगते. धनी निजलेला आणि गडी त्याच्यासाठी राबत असलेला, असा शब्बाथ शास्त्राला ठाऊक नाही. लेवीय पुस्तकात तर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा सांगितला आहे.

हा निकष लावला की, क्रिकेटमधील खरा नैतिक प्रश्न समोर येतो. बुमराहने दोन सामने विश्रांती घेतली, हा प्रश्नच नव्हे. त्या विश्रांतीचा भार कोणी उचलला, हा प्रश्न आहे. मोहम्मद सिराज पाचही सामने खेळला. त्याने १८५ षटकांहून अधिक गोलंदाजी केली, मालिकेत सर्वाधिक २३ बळी घेतले आणि ओव्हलला शेवटच्या सकाळी अखेरचा बळीही त्यानेच मिळविला. आपण त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण कौतुक करता करता आपण हे विचारले का, की त्याच्या पाठीचा हिशेब कोणाच्या वहीत होता? एखाद्याचे शरीर अनमोल म्हणून जपावे आणि दुसऱ्याचे बळकट म्हणून वापरावे, हा व्यवहार आपल्या फार ओळखीचा आहे. जो कुरकुरत नाही, त्याच्यावर ओझे वाढत जाते. जो ‘नाही’ म्हणू शकतो, त्याला विश्रांती मिळते आणि जो संघातील जागेच्या भीतीने गप्प राहतो, त्याला शाबासकी मिळते. शाबासकी हे विश्रांतीचे मोल नव्हे.

विश्रांती कशासाठी, हाही प्रश्न ओघाने येतोच. देशाच्या सामन्यातून विसावा घ्यायचा आणि जेथे पैसा अधिक तेथे मात्र न चुकता उभे राहायचे, असे घडत असेल, तर त्याला विश्रांती हे नाव देता येणार नाही. तो श्रमांचा लिलाव झाला. याचा दोष एकट्या खेळाडूवर टाकू नये. वेळापत्रक आखणारे, सामने विकणारे आणि रोज रात्री सामना हवाच म्हणणारे आपण प्रेक्षक, हे सगळे त्यात भागीदार आहोत. बैलाला चाबूक मारणारा एक असतो. पण त्या गाडीत बसलेले अनेक असतात.

तिसरी गोष्ट सत्य बोलण्याची. आजकाल ‘विश्रांती दिली’ आणि ‘वगळले’ या दोन शब्दांमधली सीमा पुसट झाली आहे. ज्याला नको आहे, त्यालाही ‘विश्रांती’ मिळते. वरवर हे सौजन्य दिसते. पण ज्याच्या वाट्याला ते येते, त्याला ना आशा धरता येते, ना दुःख करता येते. १९८४ साली कपिल देव यांना वगळले, ते सरळ वगळले. त्यात कठोरपणा होता, पण लपवाछपवी नव्हती. आपले ‘होय’ हे होय असावे आणि ‘नाही’ हे नाही असावे, ही प्रभूची शिकवण निवड समित्यांनाही लागू पडते, आणि मंडळीच्या पंचकमिट्यांनाही.

आता पाळीविषयी. कोणीही कायमचा नाही आणि प्रत्येकाची आपापली वेळ आहे, ही कल्पना पाश्चात्त्य प्रशिक्षकांच्या संगणकातून जन्मली, असे समजण्याचे कारण नाही. दावीद राजाने याजकांचे चोवीस वर्ग केले आणि त्यांची सेवा पाळीपाळीने ठरवून दिली, हे इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या मंदिरात धूप जाळायला गेला, तो आपल्या वर्गाची पाळी आली म्हणून. उरलेले दिवस तो आपल्या घरी असे. त्यामुळे त्याचे याजकपण कमी झाले नाही. रानात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्यायनिवाडा करीत बसे. ते पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्याला समजावले की, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. लायक माणसे निवड आणि काम वाटून दे. मोशेने ते ऐकले. तो देवाशी समोरासमोर बोलणारा माणूस होता; तरीही सासऱ्याचे शहाणपण स्वीकारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

इथ्रोच्या बोलण्यातील दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. केवळ मोशे थकत नव्हता. रांगेत उभे राहिलेले लोकही थकत होते. शिवाय हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर नेमता येण्याजोगी माणसे त्या समुदायात होती आणि त्यांना काम मिळत नव्हते. जो कधीच जागा सोडत नाही, तो स्वतःला झिजवतो, आणि इतरांना वाढूही देत नाही. बर्मिंगहॅमला बुमराहच्या जागी आकाश दीप आला आणि त्याने त्या सामन्यात दहा बळी घेतले. ते दहा बळी त्याच्या हातात आधीपासूनच होते. त्याला जागा हवी होती.

मात्र पाळी आणि अस्थिरता यांत फरक केला पाहिजे. ज्या १९५८-५९ च्या मालिकेत बोर्डे दिल्लीला चमकले, त्याच मालिकेत भारताने पाच सामन्यांत चार कर्णधार केले. उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि शेवटी दिल्लीला अधिकारी. मालिका ०-३ अशी गमावली. तेथे माणसे बदलली, पण ती पाळी नव्हती. पाळीत जाणाऱ्याला आपण परत येणार हे ठाऊक असते, येणाऱ्याला आपल्यावर भरवसा आहे हे ठाऊक असते आणि दोघांनाही ते आधी सांगितलेले असते. हे तीन विश्वास नसतील, तर नुसत्या फेरबदलाने माणसे सोंगट्या होतात.

वाचकहो, हे सारे क्रिकेटपुरते राहिले असते, तर या पानांवर त्याचा एवढा विचार करण्याचे प्रयोजन नव्हते. दिल्लीत आय.एन.ए. बाजाराजवळ लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. सरोजिनी नगर, किदवई नगर या शेजारच्या वसाहतींप्रमाणे येथेही देशाच्या कानाकोपऱ्यांतून बदलीवर आलेली कुटुंबे राहतात. सरकारी नोकरीत विश्रांतीचा विचार बारकाईने केलेला आहे. केंद्रीय कचेऱ्यांत १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे; वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे आणि तीस दिवसांची अर्जित रजा आहे. ही अर्जित रजा साठविता येते आणि निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात. त्या पैशांतून मुलीचे लग्न होते, गावाकडे घर उभे राहते; त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही क्षणभर विचार करावा. तीनशे दिवस म्हणजे जवळजवळ दहा महिने. मुले लहान असताना, आईवडील हयात असताना जे दिवस त्यांच्यासोबत घालविता आले असते, ते आपण पुंजी म्हणून बाजूला टाकतो आणि साठाव्या वर्षी त्यांचे रोख मोल घेतो. तेव्हा पैसे हातात असतात. पण ज्यांच्यासाठी ते दिवस होते, ती माणसे कधी मोठी झालेली असतात, तर कधी मातीआड गेलेली असतात.

त्याच निवासस्थानांत रोज सकाळी जिने चढून येणाऱ्या कामवाल्या बाईची रजा कोणत्या नियमात लिहिली आहे? ती एक दिवस आली नाही, तर आपल्या घरात केवढा गोंधळ उडतो! तो दिवस तिच्या पगारातून कापावा की नाही, याची चर्चा शनिवारी सुट्टी उपभोगत असलेले आपण करतो. आणि घरातील गृहिणीचे काय? रविवारी सारे उपासनेहून परततात, जेवतात, सामना लावून पाय पसरून बसतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात मात्र नेहमीपेक्षा एक भाजी अधिक होते. शब्बाथाच्या आज्ञेत दास-दासी आणि गाढवही आले. आपल्या घरच्या शब्बाथात आईला स्थान आहे काय?

आपल्या मंडळ्यांतही हेच चित्र दिसते. वर्षानुवर्षे एकच बंधू पेटी वाजवितो, एकच भगिनी रविवारची शाळा चालविते, एकच वडील सचिव असतात. आपण त्यांच्या निष्ठेचे गोडवे गातो. ती निष्ठा खरी असते. पण कधी कधी निष्ठेच्या पोटात एक सूक्ष्म अभिमान लपलेला असतो की, माझ्यावाचून हे चालणार नाही. आणि मंडळीच्या कौतुकाच्या पोटात एक सूक्ष्म आळस असतो की, तो करतोच आहे, तर आपण कशाला उठा? पाळक तर बाराही महिने उपलब्ध असला पाहिजे, अशी आपली समजूत. तो आजारी पडला की आपण प्रार्थना करतो. तो आजारी पडू नये म्हणून काय केले, हे विचारीत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग त्यागाचे काय? ख्रिस्ती जीवन हे मोजूनमापून जगायचे असते का? याचे उत्तर मला मार्काच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात सापडते. प्रेषित गावोगावी सेवा करून परतले, तेव्हा लोकांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. ते मचव्यात बसून निघाले. पण लोक पायी धावत आधीच तेथे पोहोचले. तेव्हा प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. या प्रसंगात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. शिष्यांना त्याने विश्रांती दिली. स्वतःची मात्र त्याने सोडली. आपली विश्रांती प्रेमाने सोडून देता येते. दुसऱ्याची विश्रांती त्याच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. सिराजने स्वतः होऊन, मी आणखी एक षटक टाकतो, असे म्हटले, तर तो त्याग; आपण घरी बसून त्याने टाकलेच पाहिजे असे म्हटले, तर ती आपली क्रूरता. ज्येष्ठ खेळाडूंनी केलेले कष्ट हे त्यांचे अर्पण होते. दुसऱ्याकडून अर्पण वसूल करता येत नाही. वसूल केले की ते खंडणी होते.

हजारे यांच्या जीवनातील एक डाव या संदर्भात आठवतो. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते ‘शेष’ संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळत होते. ख्रिस्ती खेळाडूंना त्या स्पर्धेत जागा असे ती याच संघात. फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. त्यांनी आपला भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी केली आणि त्यात विवेकच्या धावा होत्या अवघ्या २१. त्या २१ धावा नसत्या, तर ३०९ झाल्या नसत्या. अमालेक्यांशी लढाई चालू असता मोशेचे हात खाली येऊ लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. मोशेला दगडावर बसविण्याची काळजीही त्यांनीच घेतली. थकलेल्याला बसू देणे, हाही लढाईचाच भाग होता.

म्हणून विश्रांतीविषयी बोलताना आपण एवढे ठरवू या. जो विसावा घेतो, त्याला भित्रा म्हणू नये. जो विसावा देतो, त्याने खरे कारण सांगावे. ज्याच्यावर त्यामुळे भार येतो, त्याच्या पाळीची तारीखही त्याच वेळी ठरवावी. आणि जो जागा सोडतो, त्याने नव्या माणसाला आशीर्वाद देऊन सोडावी. कारण सृष्टीचा गाडा आपल्या खांद्यावर नाही, ही कबुली देणे म्हणजेच शब्बाथ पाळणे होय.

येत्या रविवारी उपासनेनंतर सामना लावण्यापूर्वी आपल्या घरात, आपल्या कचेरीत, आपल्या मंडळीत नजर फिरवून पाहा. ज्याला कित्येक महिन्यांत एक दिवसही मिळालेला नाही, असे कोण आहे? त्या व्यक्तीचे नाव मनात आले, तर तिच्यासाठी प्रार्थना अवश्य करा. आणि प्रार्थना संपताच उठून तिच्या हातातले काम आपल्या हाती घ्या.